कारण, दाब आणि गोळी : उच्च रक्तदाबावरील औषधोपचाराच्या इतिहासातील एका प्रश्नाचा मागोवा

प्रस्तावना

उच्च रक्तदाबावरील गोळी हा आजार मुळापासून बरा करते काय, हा प्रश्न सुशिक्षित समाजात वारंवार विचारला जातो. महाविद्यालयांच्या प्राध्यापक कक्षांतही तो ऐकू येतो. कारण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेक सहकाऱ्यांच्या खिशात वा पर्समध्ये ती गोळी असते. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते. गोळी केवळ आकडा खाली आणते, मूळ कारण जिथल्या तिथे राहते, म्हणून ती वरवरची मलमपट्टी होय, असे ते उत्तर. या युक्तिवादाचा पूर्वार्ध बहुतांशी खरा आहे. उत्तरार्ध मात्र त्यातून आपोआप निघत नाही, आणि तो निघतो असे मानल्यामुळे काय घडते याचा एक दीर्घ इतिहास उपलब्ध आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू वैद्यकीय सल्ला देण्याचा नाही. तो अधिकार इतिहासाच्या अभ्यासकाला नाही. 'आधी कारण शोधा, मग उपचार करा' ही आजच्या पर्यायी उपचारांच्या प्रचारात आढळणारी भूमिका विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रस्थापित पाश्चात्त्य वैद्यकाचीच होती, ती कशी मोडली आणि ती मोडण्यात मुंबईच्या एका डॉक्टराचा वाटा काय होता, याचा शोध येथे घेतला आहे. कारण आणि उपचार यांच्यातील नाते आपण समजतो तितके सरळ नाही, हे या शोधातून हाती लागणारे मुख्य सूत्र.

नाव आणि मापन

उच्च रक्तदाब हा मापनयंत्रातून जन्मलेला आजार आहे. त्याला स्वतःची अशी वेदना नाही, ताप नाही, पुरळ नाही. इ. स. १८३६ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांचे हृदय वाढलेले आढळते अशी नोंद केली, तेव्हा दाब मोजण्याचे सोयीचे साधनच नव्हते. त्याच रुग्णालयात १८७० च्या दशकात फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुण डॉक्टराने नाडीचा आलेख काढणाऱ्या उपकरणात सुधारणा केली आणि मूत्रपिंड निरोगी असतानाही नाडीचा ताण वाढलेला असू शकतो, हे दाखविले. पाटण्याहून इंग्लंडात जाऊन लंडनमध्ये १८१० साली हिंदुस्थानी पद्धतीचे भोजनगृह काढणाऱ्या आणि पुढे ब्रायटन येथे स्नानगृह चालविणाऱ्या शेख दीन महोमेद यांचा हा नातू. १८८४ साली विषमज्वराने त्याचा अकाली मृत्यू झाला आणि त्याचे काम बराच काळ विस्मृतीत गेले.

इटलीतील तुरिन येथे शिपिओने रिव्हा-रॉची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधावयाच्या पट्ट्याचे यंत्र तयार केले. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने धमनीतील आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब नोंदविण्याची रीत सांगितली. त्यानंतर दाब मोजणे ही काही मिनिटांची बाब झाली. आयुर्विमा कंपन्यांनी या यंत्राचा उत्साहाने स्वीकार केला. दाब जितका अधिक, तितका विमेदार लवकर दगावतो, हे त्यांच्या हिशेबाच्या वह्यांतून वैद्यकाच्या आधी स्पष्ट झाले. व्यापाऱ्याला कारणाशी देणेघेणे नव्हते. त्याला हप्ता ठरवावयाचा होता.

ज्या रुग्णांत मूत्रपिंडाचा वा अन्य विकार सापडत नव्हता त्यांच्या अवस्थेला १९११ मध्ये जर्मन वैद्य एबरहार्ड फ्रांक यांनी 'इसेन्शियल' हे विशेषण लावले. ज्याच्या मागे दुसरा आजार दिसत नाही, जो स्वतःच मूळ आहे, असा त्याचा आशय. पुढे इंग्रजीत हे विशेषण वाचणाऱ्या अनेकांनी त्याचा 'आवश्यक' असा दुसरा अर्थही मनात धरला. अरुंद व कठीण झालेल्या धमन्यांतून मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त पोहोचावे म्हणून शरीरच दाब वाढविते, तेव्हा तो कमी करणे म्हणजे अवयवांचा पुरवठा तोडणे, अशी समजूत रूढ झाली. अज्ञानाला दिलेल्या नावाचे असे सिद्धान्तात रूपांतर झाले.

सन १९३१ : दोन जगे

या समजुतीचा अंमल किती खोल होता हे १९३१ या एकाच वर्षाकडे पाहिले तरी कळते. त्या वर्षी लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी ब्रिटिश डॉक्टरांना सावध केले, की रुग्णाला खरा धोका त्याचा दाब उघडकीस येण्यातच आहे. कारण मग कोणीतरी अविचारी माणूस तो उतरवायला धावतो. बोस्टनचे पॉल डड्ली व्हाइट हे अमेरिकन हृदयवैद्यकाचे अध्वर्यू. त्यांनीही त्याच वर्षीच्या आपल्या पाठ्यग्रंथात, वाढलेला दाब ही शरीराची भरपाईची योजना असू शकेल आणि तिच्याशी खेळू नये, असे मत मांडले. ही मूर्खपणाची विधाने नव्हती. त्या काळी उपलब्ध असलेले उपाय विषारी वा निरुपयोगी होते आणि दाब उतरविल्याने कोणाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा नव्हता. तरीही त्यांच्या युक्तिवादाचा सांगाडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे : आकडा हे केवळ लक्षण आहे, कारण दुसरीकडे आहे, लक्षणाला हात लावू नका.

नेमक्या त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा या वनस्पतीचे मूळ वेडेपणा आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर गुणकारी असल्याचा लेख प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला संस्थेचे आधारस्तंभ हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. बिहारात 'पागल की दवा' म्हणून ओळखली जाणारी मुळी अशा रीतीने प्रयोगशाळेत पोहोचली होती. कलकत्त्याच्या या वैद्यांना दाब का वाढतो हे लिव्हरपूल वा बोस्टनपेक्षा अधिक कळले होते असे नव्हे. मूळ दिले की दाब उतरतो, एवढेच त्यांनी पाहिले होते.

'हात लावू नका' या धोरणाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९३७ मध्ये त्यांचा दाब १६२/९८ होता आणि १९४१ मध्ये १८८/१०५. त्यांचे खाजगी वैद्य रॉस मॅकिन्टायर हे नाक-कान-घसा तज्ज्ञ होते. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयतज्ज्ञाने तपासणी केली, तेव्हा दाब १८६/१०८ आणि हृदय वाढलेले आढळले. ब्रून यांनी डिजिटॅलिस, विश्रांती आणि मीठ कमी असलेला आहार सुचविला. त्यांच्या हाती त्याहून फारसे काही नव्हते. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेच्या वेळी दाब २६०/१५० पर्यंत गेला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने रूझवेल्ट यांचे निधन झाले, त्या दिवशीची नोंद ३००/१९० अशी आहे. युद्धोत्तर युरोपची वाटणी करणाऱ्या बैठकीतील एका प्रमुख पक्षाची ही शारीरिक अवस्था होती. राजकीय इतिहासकारांनी तिला किती महत्त्व द्यावे हा स्वतंत्र विषय आहे, पण त्या काळच्या सर्वांत शक्तिमान राष्ट्राच्या प्रमुखालाही या आजारावर औषध मिळू शकत नव्हते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

कारणामागे धावण्याची किंमत

कारण शोधण्याचे प्रयत्न थांबलेले नव्हते. क्लीव्हलँड येथे हॅरी गोल्डब्लॅट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी चिमट्याने आवळली आणि दाब कायमचा चढतो हे दाखविले. प्रयोग अत्यंत महत्त्वाचा होता. स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट व बर्गमन यांनी १८९८ मध्ये शोधलेल्या आणि पुढे दुर्लक्षित राहिलेल्या 'रेनिन' या द्रव्याकडे त्यामुळे पुन्हा लक्ष गेले. १९३९-४० मध्ये ब्यूनस आयर्स आणि इंडियानापोलिस येथील दोन गटांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे रेनिनपासून तयार होणारे, धमन्या आवळणारे द्रव्य ओळखले. दोघांनी त्याला वेगवेगळी नावे दिली होती. १९५८ मध्ये दोन्ही नावांची संधी होऊन 'अँजिओटेन्सिन' हा शब्द सिद्ध झाला.

प्रयोगशाळेतील या यशाचा रुग्णालयातील अनुवाद मात्र दुःखद ठरला. कारण सापडले असे वाटताच शस्त्रवैद्यांनी रोगट दिसणारे मूत्रपिंड काढून टाकण्याचा सपाटा लावला. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९५६ मध्ये अशा ५७५ प्रकरणांचा हिशेब मांडला, तेव्हा एक वर्षानंतर दाब सामान्य राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण जेमतेम चतुर्थांश भरले. उरलेल्यांनी एक अवयव गमावला आणि आजार कायम राहिला. दुसरीकडे रेजिनाल्ड स्मिथविक यांच्यासारखे शल्यविशारद पाठीच्या कण्यालगतच्या अनुकंपी मज्जातंतूंची साखळी कापून टाकत होते. त्याने काहींचा दाब उतरे. पण रुग्ण उभा राहिला की त्याला भोवळ येई. ड्यूक विद्यापीठातील वॉल्टर केम्पनर यांनी १९३९ मध्ये भात, फळे आणि साखर यांवर आधारलेला, जवळजवळ मीठविरहित आहार सुरू केला. तो परिणामकारक होता, परंतु इतका बेचव की फार थोडे रुग्ण तो दीर्घकाळ पाळू शकत. भात हा रोजच्या ताटातला पदार्थ असलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटेल. पण वरण, तूप, लोणचे आणि मीठ वगळून केवळ भात ही कल्पना करून पाहावी.

मुंबईतील पन्नास रुग्ण

या पार्श्वभूमीवर १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९११ मध्ये जन्मलेले वकील लंडनमध्ये उच्च वैद्यकीय शिक्षण घेऊन परतले होते आणि परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित होते. 'इसेन्शियल' रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्यांचा काय परिणाम झाला, याचा वृत्तान्त त्यांनी दिला. अशा गोळ्या भारतीय बाजारात नव्या नव्हत्या. हिमालय कंपनीची 'सर्पिना' १९३४ पासून उपलब्ध होती. आजच्या अर्थाने चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट या अभ्यासात नव्हते. तरीही देशी औषधाचा गुण आंतरराष्ट्रीय वैद्यकाला समजेल अशा भाषेत, आकड्यांसह आणि संयमाने मांडणारा तो निबंध होता. बहुसंख्य रुग्णांत दाब उतरला, उतार हळूहळू आला आणि औषध थांबविल्यावरही काही काळ टिकला.

प्रस्तुत लेखकाच्या मते या निबंधाचे मोल त्याने काय सांगितले याइतकेच, त्याने काय सांगण्याचा हट्ट धरला नाही यातही आहे. दाब का वाढतो, याचा सिद्धान्त वकीलांनी पुढे केला नाही. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेतील अर्विन पेज यांनी आपला 'मोझेक' सिद्धान्त मांडला. मूत्रपिंड, मज्जासंस्था, अंतःस्रावी ग्रंथी, धमन्यांची लवचीकता, आनुवंशिकता असे अनेक घटक परस्परांना ओढत-ढकलत दाब ठरवितात. त्यांतील एकाला 'कारण' म्हणणे व्यर्थ आहे, असे पेज यांचे प्रतिपादन होते. एकाने कारण अनेक तुकड्यांत वाटून टाकले, दुसऱ्याने ते बाजूला ठेवून उपचार केला.

पुढील घटना वेगाने घडल्या. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी वकीलांच्या लेखानंतर सर्पगंधेचा वापर अमेरिकेत सुरू केला. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये मुळातील मुख्य क्रियाशील द्रव्य वेगळे केले, तेच 'रेसर्पिन'. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरले आणि १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी त्याचे कृत्रिम संश्लेषण केले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत डॉ. वकील यांचा समावेश झाला. पुढील वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. कलकत्ता, दिल्ली आणि मुंबई यांचा हा वारसा आपल्याकडील विज्ञानाच्या इतिहासलेखनात जितक्या विस्ताराने यावयास हवा तितका तो आलेला नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

रेसर्पिन दाब कसा उतरवते याचे उत्तर औषध सर्रास वापरात आल्यानंतर मिळाले. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रिनॅलिनसारखी संदेशवाहक द्रव्ये साठविलेली असतात. रेसर्पिन हे साठे रिकामे करते. धमन्यांना आवळण्याचा निरोपच मग क्षीण होतो. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निपचित पडलेले ससे डोपामिनचे पूर्वद्रव्य देऊन पुन्हा हालते केले आणि त्या वाटेवरील कामासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे रक्तदाबाच्या औषधाने मेंदूविज्ञानाचे दार उघडले, परंतु रक्तदाबाचे कारण त्यातून उलगडले नाही. औषधाची क्रिया कळणे आणि रोगाचे कारण कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लोकचर्चेत त्यांची सरमिसळ होते.

या औषधाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाक चोंदणे, सुस्ती आणि मोठ्या मात्रेत नैराश्य अशा तक्रारी आल्या. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सुचविणारे तीन अभ्यास प्रसिद्ध झाले. नंतरच्या संशोधनाने तो संबंध पक्का केला नाही, पण औषधाची प्रतिष्ठा परत आली नाही.

एकशे त्रेचाळीस पुरुष

दाब उतरतो, एवढ्याने जॉन हे यांचा आक्षेप निकालात निघत नव्हता. उतरलेल्या आकड्याने माणूस वाचतो का, हे दाखवावे लागणार होते. 'घातक' रक्तदाबाच्या बाबतीत ते आधी दिसले. १९३९ च्या एका प्रसिद्ध पाहणीनुसार डोळ्याच्या पडद्याला सूज आलेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे पाचांतील एकच वर्षभर जगे. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे होरेस स्मर्क यांनी १९५० च्या सुमारास हेक्सामेथोनियमची इंजेक्शने देऊन अशा रुग्णांचा दाब उतरविला आणि सूज ओसरू लागली. लंडनचे जॉर्ज पिकरिंग यांनी यावरून असा अर्थ काढला, की या घातक अवस्थेचे कारण एखादे गूढ विष नसून अतिशय वाढलेला दाब हेच आहे. मूळ विकार कोणताही असो. येथे आपल्या प्रश्नाला प्रथमच वेगळे वळण मिळते. दाब हा काही गोष्टींचा परिणाम असला तरी पुढच्या अनर्थाचे तो कारण आहे, आणि गोळी त्या कारणावर निश्चितपणे काम करते.

निर्णायक पुरावा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आला. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्यात आले. ७३ जणांना खरे औषध मिळाले, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा निष्क्रिय गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली होती, औषधाच्या गटात दोघांना. पहिल्या गटात चार मृत्यू झाले, दुसऱ्यात एकही नाही. अवघ्या दीड-दोन वर्षांत एवढा फरक पडला. १९७० मध्ये त्याहून सौम्य दाबाच्या ३८० पुरुषांवरील निष्कर्षही त्याच दिशेचे निघाले.

औषधाच्या त्या गटाला काय दिले होते? तीन द्रव्यांचे मिश्रण : १९५७-५८ मध्ये पुढे आलेल्या मूत्रल वर्गातील हायड्रोक्लोरोथायाझाइड, धमन्या सैल करणारे हायड्रालाझीन, आणि तिसरे रेसर्पिन. रक्तदाबावरील आधुनिक उपचारांचे समर्थन ज्या प्रयोगावर उभे आहे, त्यात सर्पगंधेच्या मुळाचा अंश होता. आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी अशी मांडणी करणाऱ्या दोन्ही पक्षांना ही वस्तुस्थिती अडचणीची आहे.

या तिन्हींपैकी एकही औषध 'मूळ कारणा'वर चालत नव्हते. मूत्रल औषध आरंभी शरीरातील मीठ-पाणी कमी करते, हे कळत होते. पण काही आठवड्यांनी रक्ताचे आकारमान जवळजवळ पूर्ववत होऊनही दाब खालीच राहतो, त्याचे पूर्ण स्पष्टीकरण अद्याप एकमताने झालेले नाही.

'कारण' शब्दाची फोड

पिकरिंग यांचा मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट यांच्याशी झालेला वाद १९५० आणि ६० च्या दशकांत गाजला. प्लॅट यांच्या मते रक्तदाब हा वेगळा, बहुधा एखाद्या जनुकामुळे येणारा आजार होता. रोगी आणि निरोगी असे दोन स्पष्ट गट असावेत. पिकरिंग म्हणत, लोकसंख्येत दाब उंचीसारखा सलग पसरलेला असतो, रोग आणि आरोग्य यांमधील रेघ आपण मारतो. पुढील संशोधनाने पिकरिंग यांची बाजू बळकट केली. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासातून रक्तदाबाशी निगडित जागांची संख्या नऊशेच्या घरात गेली. प्रत्येकीचा वाटा अत्यल्प. हे मान्य केले, तर 'मूळ कारण काढून टाका' ही मागणी बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत कोणापुढे करावयाची, हाच प्रश्न पडतो. उंचीचे मूळ कारण कोणी काढून टाकू शकत नाही.

याचा अर्थ कारणांचा शोध व्यर्थ ठरला असा नाही. गोल्डब्लॅट यांच्या चिमट्यापासून निघालेला धागा ब्राझीलपर्यंत गेला. तेथील जराराका या विषारी सापाच्या विषातील द्रव्यांचा अभ्यास सर्जिओ फेरेरा यांनी केला आणि त्याच्या आधारे अमेरिकेतील स्क्विब कंपनीच्या कुशमन व ओंडेट्टी यांनी १९७० च्या दशकात कॅप्टोप्रिल तयार केले. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अँजिओटेन्सिन तयारच होऊ न देणारे हे औषध प्रक्रियेच्या बरेच वरच्या टप्प्यावर काम करते. मग ते तरी आजार मुळातून थोपविते का? याच साखळीवर पुढच्या टप्प्याला काम करणाऱ्या कँडेसार्टानने त्याची परीक्षा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाली. दाब सीमारेषेवर असलेल्यांना दोन वर्षे ते औषध दिले. दोन वर्षांच्या अखेरीस निष्क्रिय गोळी घेणाऱ्या सुमारे ४० टक्के लोकांत उच्च रक्तदाब उद्भवला होता, औषध घेणाऱ्या १४ टक्क्यांत. औषध बंद करून आणखी दोन वर्षांनी हे आकडे ६३ आणि ५३ टक्के झाले. गोळी थांबल्यावर आजाराने राहिलेले अंतर बरेचसे कापले. आपल्या मूळ प्रश्नाला मिळालेले हे सर्वांत थेट उत्तर म्हणता येईल, आणि ते बव्हंशी नकारार्थी आहे.

जीवनशैलीचा पक्ष या उत्तरावर लगेच हक्क सांगेल. त्याचा हक्क अंशतः रास्तही आहे. जेरेमाया स्टॅमलर यांनी १९८७ मध्ये दाखविले, की औषधाने दाब आटोक्यात आलेल्यांनी वजन, मीठ व मद्य कमी केले तर गोळी थांबविल्यानंतर चार वर्षांनी त्यांच्यापैकी ३९ टक्के लोक औषधाविना सामान्य दाबावर होते. तसे बदल न करता गोळी थांबविलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. लोणची, पापड, फरसाण आणि सुकी मासळी यांच्या आपल्या आहारात मिठाचा हा हिशेब गंभीरपणे घ्यावयास हवा. मात्र ३९ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हेत. निवडक, समुपदेशन मिळालेल्या रुग्णांतही दहांपैकी सहा जण चार वर्षांनी औषधाविना सामान्य दाबावर राहू शकले नाहीत. गोळी 'मूळ' गाठत नाही म्हणून ती सोडावी असे सांगणारे लोक हा दुसरा आकडा सांगत नाहीत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांचा व सुमारे २१ टक्के स्त्रियांचा दाब वाढलेला किंवा औषधाखाली असलेला आढळला. एवढ्या मोठ्या समूहात 'बरे वाटते म्हणून' वा 'सवय लागेल म्हणून' गोळी सोडणाऱ्यांना फ्राइस यांच्या ७० जणांच्या गटाची आठवण करून देणे आवश्यक वाटते. त्यांनी तरी आपण काय घेतो आहोत हे ठाऊक नसताना धोका पत्करला होता.

एक वर्ग मात्र असा आहे की जेथे कारण खरोखर सापडते आणि काढताही येते. मूत्रपिंडाच्या धमनीचा अरुंदपणा, अधिवृक्क ग्रंथीतील काही गाठी ही त्याची उदाहरणे. मिशिगनचे जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक अधिक निर्माण करणाऱ्या गाठीचे वर्णन केले. गाठ काढल्यावर रुग्णाचा दाब उतरला. कॉन यांना ही अवस्था मुळीच विरळ नाही असे वाटत असे आणि अनेक दशके त्यांच्या या अंदाजाकडे अतिशयोक्ती म्हणून पाहिले गेले. २०१५ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासात, तीन औषधांनाही न जुमानणाऱ्या रक्तदाबावर अल्डोस्टेरॉनला रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन हे जुने, स्वस्त औषध इतरांपेक्षा सरस ठरले. २०२४ मध्ये युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, उच्च रक्तदाब निश्चित झालेल्या प्रत्येक प्रौढाच्या रक्तातील रेनिन व अल्डोस्टेरॉन तपासण्याचा विचार करावा, अशी शिफारस केली. फ्रांक यांनी १९११ मध्ये ज्यांच्यापुढे 'इसेन्शियल' हा शब्द लिहिला असता, त्यांतील काही रुग्णांच्या नोंदीत आता त्या जागी एका ग्रंथीचे नाव लिहिले जाऊ लागले आहे. उरलेल्यांना संध्याकाळची गोळी चुकवून चालणार नाही.